दाराआडची पाटी

लोक म्हणतात, म्हातारपणी माणसानं माफ करायला शिकावं. शिकले असतील बापा. मी नाही शिकले. ज्या माणसाविषयी हे लिहितेय तो कधीचाच गेला. त्याच्या मयताची बातमी आली तेव्हा मी भाकरी थापत होते. ती भाकरी मी नीट भाजली, पोटभर खाल्ली आणि दुपारी छान झोप काढली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा धरायची नाही.

अकोल्याच्या एका कापडगिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात, लग्नानंतर वर्षभरातच मी कामाला लागले. आम्ही बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. माझं माहेर चांदूर रेल्वेचं, तिथं मी चौथीपर्यंत शिकलेली. माझी मोठी जाऊ त्या खात्यात आधीपासून होती, तिनंच मला लावून दिलं. जाऊ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भांडण उभं राहतं. आमचं तसं नव्हतं. तुटलेला धागा एका चिमटीत कसा जोडायचा ते तिनं मला शिकवलं. डबा खाताना आपली चटणी माझ्याकडं सरकवायची. सासू माझ्यावर घसरली की मधे येऊन उभी राहायची. गिरणीत आम्ही दोघी एकाच यंत्रावर, समोरासमोर. आवाज इतका, की एकमेकींचं बोलणं ओठांवरून ओळखायचं.

गेटापाशी हजेरीची खोली होती आणि त्या खोलीत एक कारकून बसायचा. आम्ही त्याला बाबू म्हणायचो. पांढरंशुभ्र धोतर, कानावर टाक, तोंडात पान आणि जिभेवर साखर. ‘बाई’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करायचा नाही. शिव्या द्यायचं काम मुकादमाचं. बाबूनं कधी कुणाला अगं-तुगं केलं नाही. म्हणून बाया मुकादमाला घाबरायच्या आणि बाबूला गाऱ्हाणं सांगायच्या. मीही सांगितलेलं आहे. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कामावर लागले त्या दिवशी त्यानं माझा अंगठा धरून शाईच्या गादीवर टेकवला. ‘मला सही येते’ असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण मागं रांग होती, तो घाईत होता, आणि मी सोळा-सतरा वर्षांची पोर. बायांचा अंगठाच असतो असं धरून चाललेले सगळे. पुढं पगाराच्या दिवशीसुद्धा मी निमूट अंगठाच लावत गेले. मला वाचता येतं हे जाऊशिवाय तिथं कुणालाही ठाऊक नव्हतं.

आता एक रीत सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं पोटुशी बाई आपले महिने खरे सांगत नसे. सातवा असला तर सहावा म्हणायचं. सहावा असला तर ‘पाहू’ म्हणून हसायचं. बाळंतपणाचा दिवस तर तोंडातून काढायचाच नाही, कारण दिवस बोलला की नजर त्या दिवसावर टपून बसते. आमच्या खात्यात सगळ्या जातींच्या बाया होत्या, डब्यातली भाजीसुद्धा एकमेकींची खायच्या नाहीत, पण या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत. आम्ही घरातले देव दीक्षेनंतर मोर्णा नदीत सोडून आलो होतो. नजर मात्र कुणी सोडली नव्हती. बाई एक दिवस नुसती ‘माहेरी जाऊन राहिली’, म्हणजे माहेरी चाललेय, एवढंच म्हणायची आणि बाकीच्यांनी समजून घ्यायचं.

बाबूही समजून घ्यायचा. फार चांगलं समजून घ्यायचा.

जाऊच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सासूनं काय काय ऐकवलं असेल ते सांगत बसत नाही. मग एकदाचे दिवस राहिले. जाऊ आठव्या महिन्यापर्यंत यंत्रावर उभी राहिली आणि एक दिवस सुटीच्या भोंग्यानंतर बाबूच्या खोलीत गेली. मी तिच्या मागंच उभी होते.

“बाबू, माहेरी जाऊन राहिली.”

“जा बाई, जा. सुखरूप या.” त्यानं एक लिहिलेला कागद पुढं सरकवला. “हा सुट्टीचा अर्ज आहे. इथं अंगठा लावा.”

तिनं लावला. कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मला वाचता येत होतं आणि मी वाचलं नाही. घरी जाऊन सांजच्याला पिठलं करावं की वांगं, याचा विचार मी करत होते. पुढं जे जे केलं ते या एका गोष्टीपायी केलं, हेही सांगून टाकते.

जाऊला मुलगी झाली. गोरी नव्हती, सुबक नव्हती, पण नाक थेट जाऊचं. दीड महिन्यानं पोरीला सासूजवळ ठेवून जाऊ कामावर आली, तर गेटावरच्या शिपायानं तिला आत सोडलं नाही. मी आत जाऊन बाबूला बाहेर घेऊन आले.

“बाई, तुम्ही तर काम सोडलं,” तो म्हणाला. “राजीनामा दिला ना.”

“म्या कुठं देल्ला? म्या तं सुट्टी मांगतली होती.”

“अंगठा आहे तुमचा. आणि राजीनामा दिला की परत भेटत नसते, बाई.”

हे तो इतक्या मायेनं बोलला, की जाऊ क्षणभर आपलंच चुकलं असं समजून मान हलवत उभी राहिली. मग घरी परत आली. घरात पाच तोंडं. माझ्या नवऱ्याला आणि दिराला, दोघांना तेलाच्या घाण्यावर काम, तेही कधी असायचं, कधी नसायचं. आठ दिवसांत जाऊनं कपाशीच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रोजंदारी धरली. दुपारी अंगावर पाजायला घरी सोडत नसत, म्हणून ती पोरीला सोबत न्यायची. जिनात रुईचा धुराळा असा असतो, की समोरच्या बाईच्या भुवया पांढऱ्या दिसतात. त्या धुराळ्यात एका कोपऱ्यात लुगड्याची झोळी बांधून पोरगी निजवलेली. महिन्याभरात ती खोकायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला कापसापासून दूर ठेवा. कुठं ठेवणार? चौथा महिना संपता संपता ती माझ्या मांडीवर गेली. जाऊ तेव्हा जिनातून यायची होती. तिला ते सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं.

त्या दिवसापासून मी बाबूचं वाईट चिंतायला लागले. रोज सकाळी त्याच्या खिडकीसमोर हजेरीचा बिल्ला घेताना मनात म्हणायचे, तुझं वाटोळं होवो. पण नुसत्या चिंतण्यानं कुणाचं काही होत नसतं. तो पान खायचा, हसायचा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या खात्यातली एक बाई ‘माहेरी’ जाऊन परत गेटावरून माघारी फिरायची. मी मोजत होते. दात-ओठ खाण्यापलीकडं काय करावं ते सुचत नव्हतं.

पाण्याचा माठ हजेरीच्या खोलीत, दाराला लागून असायचा. उन्हाळ्यात एका दुपारी मी पाणी प्यायला गेले आणि बाहेर वावटळ उठली. मातीचा लोट आत शिरायला लागला तसं बाबूनं शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितलं. ते दार मी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं. सदा सताड उघडं, भिंतीला टेकलेलं. ते लोटलं तर मागच्या भिंतीवर एक पाटी. लाकडी चौकट, आत छापील कागद, मराठीत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूतीविषयी कायद्याचा सारांश.

पेला माझ्या हातात तसाच राहिला. मी पहिल्या चार ओळी वाचल्या, तोवर वारा पडला आणि शिपायानं दार उघडलं. पाटी पुन्हा दाराआड.

त्या वावटळीपासून बाबू जेवायला घरी गेला की शिपाई, धूळ नको म्हणून, खोलीचं दार ओढून घ्यायचा आणि बाहेर बिडी ओढत बसायचा. माठ आतच, त्यामुळं पाण्याला जायला मनाई नव्हती. मला त्या उन्हाळ्यात भारी तहान लागायला लागली. एका पेल्यात दोन ओळी पाठ करायच्या, यंत्रावर आल्यावर घोकायच्या आणि घरी जाऊन नवऱ्याच्या जुन्या वहीत उतरवायच्या. सरकारी मराठी म्हणजे दगडाचे चणे. ‘प्रसूती’ म्हणजे बाळंतपण हे कळलं, पण ‘उपरोक्त’ पाशी मी तीन दिवस अडकले. सगळं उतरवायला पंधरवडा लागला.

त्यात होतं ते असं. गिरणीत ठरावीक महिने भरलेल्या बाईला बाळंतपणाआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे घरी राहायचा हक्क आहे, आणि त्या काळाचे पैसे मालकानं द्यायचे आहेत. बाईनं आपण कधी बाळंत होणार त्याची लेखी सूचना द्यायची. पैसे चुकवण्यासाठी बाळंतपणाच्या तोंडावर तिला कामावरून काढलं, तरी मालकाची सुटका नाही. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत: हा सारांश स्त्रिया काम करतात त्या ठिकाणी सहज दिसेल असा लावावा.

ती शेवटची ओळ वाचली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीक नव्हती ती, मेहरबानी नव्हती. आमचं होतं, छापून, चौकटीत घालून, काच लावून आलेलं. आणि या माणसानं खिळा ठोकताना जागा शोधली होती.

मी वही जाऊला वाचून दाखवली. ती विस्तवापुढं बसून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, “म्हंजे माही पोरगी घरी राहू शकत होती?”

मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पोळा झाला आणि मला दिवस राहिल्याचं लक्षात आलं. तेव्हाच मी ठरवलं, की या पोराच्या वेळी मी त्या बाबूच्या उरावर बाळंत होणार. घरात सांगितलं, मी सूचना देणार आहे, दिवसासकट, कागदावर लिहून. सासूनं डोक्यावर हात मारून घेतला. नवसासायासानं आलेलं एक गेलं, आता हे दुसरं कागदावर चढवून नजरेच्या तोंडी देते काय, म्हणाली. नवराही चुळबुळ करत होता. मी तोंडानं कितीही फणफणले तरी आतून मलाही भीती होतीच. खोटं कशाला बोलू.

जाऊ कोपऱ्यात भांडी घासत होती. मागं न पाहता म्हणाली, “म्या कुठं कोणाले सांगतला होता दिवस? राहिलं का माह्यं लेकरू?”

मग त्या घरात कुणी मला अडवलं नाही.

पण सूचना देण्याआधी मला एक गोष्ट हवी होती. बाबूच्या हातचा कागद. आपल्या अंगठ्याखाली काय लिहिलं होतं ते जाऊ कुणाला सिद्ध करून दाखवणार? म्हणून सातव्या महिन्यात, पगाराच्या दिवशी, रांग खिडकीपर्यंत लागलेली असताना, मी खाली मान घालून खोलीत गेले.

“बाबू, माहेरी जाऊन राहिली.”

“जा बाई, सुखरूप या.” त्यानं कानावरचा टाक काढला, भराभर लिहिलं, कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला. “सुट्टीचा अर्ज. लावा अंगठा.”

“मले समजत नाई बाबू. जरा वाचून दाखवता का? मोठ्यानं.”

त्याला गंमत वाटली असावी. कागद हातात घेऊन त्यानं गोड आवाजात वाचलं: मी बाळंतपणासाठी माहेरी जात आहे, तरी मला दोन महिन्यांची रजा मिळावी, परत आल्यावर कामावर घ्यावं, ही विनंती. रांगेतल्या बाया कौतुकानं ऐकत होत्या. असा धडधडीत खोटं वाचणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. एकदाही अडखळला नाही.

“आता मी वाचतो,” मी म्हणाले आणि कागद त्याच्या हातून घेतला. आमच्याकडं बायासुद्धा रागात ‘वाचतो’ म्हणतात. मग कचेरीच्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी वाचलं: “घरगुती अडचणीमुळे मी राजीखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. माझे कंपनीकडे कोणतेही घेणे राहिलेले नाही.”

बाबूच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं. “तुम्हाला वाचता येते?” एवढंच तो म्हणाला.

“चौथी पास हाय,” मी म्हणाले आणि कागदाची घडी करून पोलक्यात खोचली. तिथं हात घालायची त्याची छाती नव्हती. तो हात पुढं करून “बाई, बाई” करत राहिला आणि मी रांगेच्या मधून घरी निघून आले. येताना वाटेत मला हसू फुटलं. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन मी सूचना रजिस्टर केली. एक गिरणीच्या मॅनेजरला, एक कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबाला. सोबत बाबूच्या कागदाची नक्कल आणि जाऊची हकीगत. अस्सल कागद घरी, तुरीच्या डब्यात. खात्यातल्या आणखी पाच पोटुशा बायांनी माझ्याकडून सूचना लिहून घेतल्या. दिवस सांगताना प्रत्येकीनं आधी इकडं तिकडं पाहिलं आणि मग माझ्या कानात सांगितला. एकीनं तर सांगून झाल्यावर जमिनीवर थुंकून घेतलं, नजर उतरायला.

चार दिवसांनी मुकादम घरी आला. हा शिव्या देणारा माणूस त्या दिवशी खाटेवर अदबीनं टेकला. तुमची सुट्टी मंजूर, पैसे मंजूर, परत आल्यावर काम पक्कं, म्हणाला. फक्त तो कागद द्या आणि जाऊबाईचं प्रकरण काढू नका, ते जुनं झालं. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, घे अन् मोकळी हो. त्याला मी दोष देत नाही. पण आत जाऊ चुलीपाशी होती, आणि तिनं फुंकणी खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला. ती ऐकत होती.

“मुकादम,” मी म्हणाले, “जुनं होत नाई ते. चार महिन्यांचं होतं, तेवढंच राहिलं.”

मुकादमाला ते समजलं की नाही कोण जाणे. चहा न घेता गेला.

साहेब आला तेव्हा माझा आठवा भरत आला होता. सावळा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यानं आम्हा बायांना आणि जाऊलाही हजेरीच्या खोलीत बोलावलं. मॅनेजर खुर्चीत होता, बाबू भिंतीशी. साहेबानं पहिलाच प्रश्न केला, “बायांच्या कायद्याची पाटी कुठं आहे?”

मॅनेजरनं बाबूकडं पाहिलं. बाबू म्हणाला, “आहे ना साहेब, लावलेली आहे.” हात मात्र कुठंच दाखवेना.

“दार लावा साहेब,” मी म्हणाले.

साहेबाला काही कळेना. शिपायाला कळलं. त्यानं दार लोटलं. धुळीनं माखलेली काच, जाळी लागलेली चौकट, आणि आत आमचा कायदा. आमच्यातली एक म्हातारी बाई तिथं वीस वर्षं कामाला होती. ती जवळ गेली आणि पदरानं काच पुसायला लागली. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मग साहेबानं राजीनाम्यांचा गठ्ठा मागवला. बायकांचे राजीनामे वेगळे काढले. सगळ्यांचं अक्षर एक, वाक्य एक. घरगुती अडचण, राजीखुशीने. साहेब एकेक कागद उलटत बाईचं नाव विचारायचा आणि आम्ही सांगायचो, हिला त्या महिन्यात मुलगा झाला, हिला मुलगी झाली, हिचं पोटातच गेलं. शेवटी त्यानं मॅनेजरला विचारलं, “तुमच्या गिरणीत बायांच्या घरी अडचण बाळंतपणाच्या महिन्यातच कशी येते?”

मॅनेजरनं सगळं बाबूवर ढकललं. मला यातलं काही माहीत नाही, कारकुनानं परस्पर केलं, म्हणाला. मॅनेजर काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, वाचलेला पैसा कुणाच्या तिजोरीत जात होता ते न कळायला आम्ही कुक्कुली बाळं नव्हतो. पण मालकानं आपला माणूस असा एका वाक्यात रस्त्यावर टाकला, तेव्हा बाबूचा चेहरा जाऊच्या गेटावरच्या त्या दिवशीच्या चेहऱ्यासारखा झाला होता. मला त्याची कीव आली का? नाही आली. मी डोळे भरून पाहून घेतलं.

जाऊला आणि आणखी काही बायांना बाळंतपणाचे पैसे आणि काम परत द्यायचं ठरलं. मॅनेजरनं बाबूला सांगितलं, तूच घरोघर जा, फॉर्म भर, पैसे दे आणि पावत्यांवर अंगठे घेऊन ये. एका जरी बाईची पावती राहिली, तर तुझी नोकरी गेली.

माझं पहिलं बाळंतपण, रीतीनं माहेरी व्हायला हवं होतं. मी चांदूरला गेले नाही, आईलाच अकोल्याला बोलावून घेतलं. मला बाबू आमच्या दारात आलेला पाहायचा होता. मुलगा झाला, आणि मी कागदावर लिहिलेल्या दिवशी नाहीच झाला, चांगला नऊ दिवस उशिरा आला. सासू म्हणाली, नजर चुकवून आला. मी वाद घातला नाही.

पोर तीन आठवड्यांचं असताना बाबू आला. भर दुपार. जाऊ उंबऱ्यापाशी बसून तूर निवडत होती, मी आत दाराशी पोराला घेऊन. जाऊनं त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आमच्या घरचं तो प्यायला नसता, ते वेगळं. तो उन्हात उभ्यानंच फॉर्म भरायला लागला. गल्लीतल्या बाया दारादारांत येऊन उभ्या राहिल्या.

लिहिता लिहिता एका ओळीशी तो थांबला आणि काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं बोला बाबू,” जाऊ म्हणाली. “गिरणीतल्या बाईले कमी ऐकू येते.”

“मूल हयात आहे काय,” त्यानं वाचलं.

“तुमालेच मालूम हाय. लिवा.”

त्यानं ‘नाही’ लिहिलं. मग शाईची गादी पुढं केली. जाऊनं अंगठा पुढं केला नाही. कमरेची एक घडी केलेली चिठ्ठी काढून तिनं त्याच्यासमोर धरली. ती सकाळी तिनं सांगितली होती आणि मी लिहिली होती. वरचा भाग दुमडलेला, खाली तेवढी कोरी जागा.

“आधी तुमचा अंगठा,” ती म्हणाली. “सुट्टीचा अर्ज हाय.”

“मला सही येते,” तो म्हणाला.

“हिलेही येत होती. अंगठाच पायजे.”

“वाचू तर द्या, बाई.”

“मले वाचू देल्लं होतं?”

पावतीशिवाय परत जायची सोय नव्हती, हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्यानं जाऊच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. “बाई, तुम्हाला वाचता येते. तुम्ही तरी सांगा, काय लिहिलं आहे.”

मागं एकदा मी हातभर अंतरावर उभी राहून गप्प होते. या खेपेलाही गप्प राहिले. पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

त्यानं अंगठा गादीवर टेकवला आणि चिठ्ठीवर उठवला. ठसा जरा पसरला. जाऊनं चिठ्ठी उलगडून माझ्याकडं दिली. “वाच,” म्हणाली, आणि मी गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं: “हिची पोरगी चार महिने जगली. मी खोटं बोलून तिच्या मायचं काम काढलं, म्हणून ती जिनाच्या धुळीत मेली. हे मी राजीखुशीने लिहून देत आहे.”

बाबूनं हात पुढं केला. “बाई, तो कागद परत द्या.”

“अंगठा देल्ला की परत भेटत नसते, बाबू.”

तो कागद आज माझ्या पेटीत आहे. जाऊ जाताना माझ्या हवाली करून गेली. कुठल्याही कोर्टात त्याची किंमत शून्य, एवढा कायदा मला कळतो. फसवून घेतलेला अंगठा आहे तो. तरी वर्षातून एकदा मी तो काढते, वाचते आणि पुन्हा घडी घालून ठेवते.

मग जाऊनं पावतीवर आपला अंगठा लावला, बोटाची शाई पदराला पुसली आणि सूप परत मांडीवर ओढलं. बाबू अजून उभाच होता. तिनं तुरीतला एक खडा वेचून बाहेर टाकला आणि वर न पाहता, अगदी त्याच्यासारख्याच गोड आवाजात म्हणाली, “जा बाबू. सुखरूप जा.”